पिअरच्या फळीवर माझं नाव

सनीव्हेल, १५ जून २०२५

अहो,

मायना गाळते आहे. शिरसाष्टांग नमस्कार लिहायला घेतला होता, पण डोकं इतकं तापलंय की नमस्कार खोटा झाला असता.

तुमची दोन पोस्टकार्डं आली. एकावर समुद्रात घुसलेला एक लांबलचक धक्का, दुसऱ्यावर समुद्रात घुसलेला दुसरा लांबलचक धक्का. मागे तुमचं ते पाटबंधारे खात्यातलं टपोरं अक्षर : ‘हा राइड गावचा. सर्वांत जुना. सन १८१४. त्याआधी बोटीतून उतरलेल्यांना ओहोटीच्या चिखलातून चालत किनारा गाठावा लागे. प्रकृती ठीक.’ प्रकृती कोणाची ठीक? तुमची, माझी, की त्या धक्क्याची?

या वयात नवऱ्याला पत्र लिहायची वेळ यावी, हेच नवल. पण फोनवर तुम्ही येत नाही. प्रीताला फोन लावला की ती म्हणते, ‘आई, बाबा पिअरवर गेलेत,’ नाहीतर ‘आई, बाबा पिअरवरून येऊन झोपले.’ स्वतःच्या लेकीकडे नवऱ्याची वेळ मागायची पाळी माझ्यावर आली आहे. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहून काढते, म्हणजे नंतर ‘मला कोणी सांगितलंच नाही’ म्हणायला जागा राहणार नाही.

एप्रिलमध्ये मुलांनी आपली वाटणी केली. दोन्हीकडे लहान मूल, दोन्हीकडे नवरा-बायको नोकरीवाले, आणि आजी-आजोबांची जोडी एकच. अक्षत म्हणाला, आई माझ्याकडे अमेरिकेत. प्रीता म्हणाली, मग बाबा माझ्याकडे इंग्लंडात. तुम्ही गप्प बसलात म्हणून मला वाटलं तुम्हाला चालणार आहे, आणि मी गप्प बसले म्हणून तुम्हालाही तेच वाटलं असणार. मुंबईच्या विमानतळावर तुमची बॅग एका रांगेत आणि माझी दुसरीत. दिवाळीआधी दोघांनी नागपूरला परतायचं, एवढं मात्र पक्कं होतं.

मग मागच्या महिन्यात अक्षतने विचारलं, ‘आई, निधीचा नवा प्रोजेक्ट सुरू होतोय, अजून सहा महिने थांबशील?’ मी म्हटलं, ह्यांना विचारते. विचारलं. तुम्ही म्हणालात, ‘तुझी इच्छा.’ आणि फोन प्रीताच्या हातात दिलात. तेव्हापासून तुमचा आवाज नाही.

‘तुझी इच्छा’ म्हणजे काय, हे मला इतक्या वर्षांच्या संसारात कधी कळलं नाही. साडी घेताना तुझी इच्छा, नोकरी सोडताना तुझी इच्छा, माझ्या आईला आपल्याकडे आणताना तुझी इच्छा. दर वेळी मला वाटतं, हा माणूस मोकळीक देतोय की अंग काढून घेतोय?

इथे मला कसली कमी नाही. अक्षत-निधीची अनिका दोन वर्षांची झाली, भारी लाघवी आहे. पण मला एका जागी बसवत नाही. ती दुपारी झोपली की मी खाली पार्किंगमध्ये चकरा मारते. परवा एका बाईने गाडी थांबवून विचारलं, ‘आर यू लॉस्ट?’ मी हसून ‘नो नो’ म्हटलं आणि आणखी एक चक्कर मारली.

एकच विचारते. मी परत यायला हवी आहे की नको? हो किंवा नाही. पोस्टकार्डावर मावेल.

रत्ना


सनीव्हेल, १३ जुलै २०२५

अहो,

विचारलं होतं हो की नाही. तुमचं उत्तर : ‘धक्का म्हणू नये. धक्क्यावर माल उतरतो. पिअरवर माणूस नुसता चालत जातो, टोकाला उभा राहतो आणि परत येतो. पूर्वी एवढ्यासाठी तिकीट काढत.’ वाचून मी कार्ड टेबलावर आपटलं. अनिका दचकून म्हणाली, ‘आज्जी, नो थ्रोइंग!’

आठवड्याभरात पाठोपाठ तीन कार्डं. साउथएंडचा पिअर जगात सर्वांत लांब, इतका लांब की टोकापर्यंत जायला त्यावरून रेल्वे आहे. ब्रायटनचा जुना पिअर जळाला, आता समुद्रात नुसता लोखंडी सापळा उभा आहे आणि लोक त्याचेच फोटो काढतात. पिअरच्या टोकाला नाटकगृहं असत. कसरतवाले लोक जमवून टोकावरून समुद्रात उड्या मारत, काही तर सायकलसकट. नाणं टाकलं की भूत दिसणारी यंत्रं होती. आणि तुमच्या आवडीचं, ते स्क्रूसारखे खांब, वाळूत फिरवून घट्ट बसवलेले. त्याची आकृतीसुद्धा काढलीत. एवढ्या जागेत ‘ये’ हा शब्द दहादा लिहून झाला असता.

संध्याकाळी मी अनिकाला घेऊन पार्कात जाते. तिथे एका बाकावर आम्ही बायका बसतो, सगळ्या सहा-सहा महिन्यांसाठी नातवंडं सांभाळायला आलेल्या आज्या. सोलापूरच्या एक मावशी आहेत, त्यांना मी तुमची कार्डं वाचून दाखवते. त्या म्हणाल्या, ‘अगं, बरंय की. आमचे हे तर सोलापूरहून फोनवर फक्त सिलिंडर कसा बुक करायचा ते विचारतात.’ सगळ्या हसल्या. मीही हसले आणि घरी येईपर्यंत चिडले.

एक कार्ड मात्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. दुसऱ्या महायुद्धात शत्रूने पिअरवरून किनाऱ्याला उतरू नये म्हणून बऱ्याच पिअरांचा मधला भाग इंग्रजांनी स्वतःच काढून टाकला होता. टोक तिकडे, किनारा इकडे, मध्ये पाणी. हे तुम्ही मला उद्देशून लिहिलंत की नुसती माहिती दिलीत, देव जाणे. त्याच्यापुढे ‘इकडे पाऊस फार’ लिहून सही ठोकलीत.

आता मुख्य गोष्ट. अक्षतने काल विषय काढला. म्हणाला, ‘आई, बी प्रॅक्टिकल. दर वेळी एक्स्टेंशन, दर वेळी टेन्शन. मी सिटिझन आहे, तुझं ग्रीन कार्ड अप्लाय करून टाकतो. सप्टेंबरमध्ये लॉयरला भेटू.’ मी विचारलं, ‘आणि बाबा?’ तो म्हणाला, ‘बाबांचंही करू ना नंतर. पण त्यांना इकडे यायचंय का, हे ते सांगतच नाहीत यार.’ एकदा अर्ज गेला की परवानगी येईपर्यंत काही महिने देशाबाहेर पाय टाकता येत नाही म्हणे. म्हणजे दिवाळीला नागपूरच्या घराचं कुलूप तुम्ही एकट्याने उघडायचं, आणि पुढचं कोणी सांगावं.

निधी भांडी आवरताना माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत ‘राहा’ असं स्पष्ट लिहिलं होतं. तिच्या डोळ्यांतलं मला वाचता येतं. तुमचे डोळे चष्म्याआड आणि चष्मा पिअरवर.

सप्टेंबरच्या आत मला हो किंवा नाही म्हणायचंय. आणि खरं सांगते, तुम्ही ‘परत ये’ म्हणाल्याशिवाय मी आपणहून येणार नाही. इतकी स्वस्त नाही झाले अजून.

रत्ना


सनीव्हेल, २७ जुलै २०२५

अहो,

आज मायना लिहितेय. साष्टांग नमस्कार. विनोद नाही, खराच.

प्रीताने फोटो पाठवला. तुम्ही रोज जाता त्या, प्रीताच्या गावच्या पिअरवरची लाकडी फळी, तिच्यावर छोटी पितळी पाटी, आणि पाटीवर इंग्रजीत माझं नाव : रत्ना त्र्यंबक वैरागडे, नागपूर. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. समुद्राच्या वर माझं नाव! आपण विदर्भातली माणसं, समुद्र बघायचा तर आधी अख्खा महाराष्ट्र ओलांडायचा, आणि तिथे फळीवर मी.

प्रीता म्हणाली, पिअरची डागडुजी करायला तिथली संस्था लोकांकडून एकेका फळीसाठी देणगी घेते आणि त्या फळीवर नाव लावते. मला लगेच आपल्या गणपतीच्या देवळातला पंखा आठवला. मामंजींचं नाव त्याच्या पात्यांवर रंगवलेलं, पंखा सुरू असला तर नाव वाचता येत नाही आणि बंद केला तर उकडतं. तुमच्या घराण्याला देणगीची हौस आहेच. पण स्वतःचं नाव न घालता माझं घातलंत, हे मी पहिल्यांदाच बघतेय.

योगायोग बघा, कालच अक्षत आम्हाला सांता क्रूझच्या समुद्रावर घेऊन गेला होता. तिथेही तुमच्या पिअरसारखाच लाकडाचा मोठा व्हार्फ आहे, त्याचं टोक मागच्या डिसेंबरात वादळात समुद्रात गेलं. मी म्हटलं, पुढे जाऊ या, जिथपर्यंत जाता येतं तिथपर्यंत. निधी दमली होती, अनिका झोपेला आली होती, पण माझे पाय थांबेनात. फळ्यांच्या फटींतून खाली पाणी दिसतं, आणि एका ठिकाणी वाकून पाहिलं तर खालच्या तुळयांवर समुद्रसिंह, म्हणजे सीलसारखे लठ्ठ प्राणी, पसरलेले, एकमेकांवर ओरडत होते. टोकाला जाऊन उभी राहिले. वारा होता. पुढे काही नव्हतं, जायचं कुठेच नव्हतं, आणि तरी बरं वाटलं. तुम्ही तिथे रोज का जाता, ते मला थोडं कळलं.

मावशींना फोटो दाखवला. त्या म्हणाल्या, ‘रत्ना, नशीब काढलंस.’ मी ‘कसलं नशीब’ म्हटलं, पण आतून फुलून गेले होते.

अक्षतला अजून काही सांगितलेलं नाही. तुमचं एक अक्षर आलं की सांगेन. आता उशीर करू नका.

तुमची
रत्ना


सनीव्हेल, ३१ जुलै २०२५

अहो, वैरागडे,

मी जिवंत आहे! हे तुम्हाला आठवतंय ना?

काल निधीने तो फोटो मोठा करून पाहिला. ‘आई, थांबा ना, बाजूच्या प्लेट्स झूम करते, क्यूट आहेत.’ मग तिचं बोट एका पाटीवरच थांबलं. मी म्हटलं, काय झालं? म्हणाली, ‘आई... ह्या सगळ्या प्लेट्स... इन लव्हिंग मेमरी ऑफ डॅड. इन मेमरी ऑफ अवर नॅन. आई, दीज आर ऑल डेड पीपल.’ आणि माझ्या पाटीशेजारी लाल फुलांची एक कुंडी. मला वाटलं होतं पिअरवर शोभेला ठेवली असेल.

तडक प्रीताला फोन लावला, तिची झोपायची वेळ असली तरी. खोदून खोदून विचारलं तेव्हा बोलली. पिअरवर चहाच्या टपरीत एक पॉलीन नावाची बाई असते, रोज येणारे चार म्हातारे असतात, गळ टाकून बसणारे दोघं असतात. ह्या सगळ्यांना वाटतं की तुमची बायको वारली. कुंडी पॉलीनने ठेवली. तुम्हाला खुर्ची सगळ्यांत आधी मिळते. चहाबरोबर बिस्किट जास्तीचं मिळतं. प्रीताला हे सगळं आधीपासून माहीत होतं आणि ती म्हणते, ‘आई, मला वाटलं बाबा स्वतः क्लिअर करतील गं.’

आपल्याकडे पाटीवर नाव म्हणजे देणगीदार. मेलेल्या माणसाच्या नावामागे कै. लावतात, मग कळतं. तिकडे उलटी रीत असेल हे तुम्हाला ठाऊक नव्हतं, मान्य. लोक खांद्यावर हात ठेवायला लागले तेव्हा तुम्हाला वाटलं असेल देणगीचं कौतुक चाललंय, तेही मान्य. पण फुलं आली तेव्हा? तेव्हा तुमच्या इंजिनियर डोक्यात काही खटकलं नाही?

मी इथे ‘ये’ म्हणायची वाट बघतेय आणि तुम्ही तिकडे माझं दुखवट्याचं बिस्किट खाताय. लाज वाटायला हवी. मी काय तुम्हाला इतकी जड झाले होते?

अक्षतला आज सांगितलं की लॉयरची वेळ घे.

रत्ना (हयात)


सनीव्हेल, १७ ऑगस्ट २०२५

अहो,

तुमचं कार्ड आलं. ‘पाटीची चूक झाली. माफी असावी. संस्थेत चौकशी केली, पाटी दहा वर्षांच्या कराराने लावतात, मध्ये काढता येत नाही.’ मी चिडायला म्हणून कार्ड हातात घेतलं आणि हसत सुटले. म्हणजे मी आता दहा वर्षं मेलेली. निधी धावत आली, तिला वाटलं रडतेय.

रडलेसुद्धा, पण ते नंतर, प्रीताचा फोन आल्यावर.

प्रीता पॉलीनला खरं सांगायला गेली होती. तिने तोंड उघडायच्या आत पॉलीनने तिला मिठी मारली आणि म्हणाली, तुझ्या आईबद्दल सगळं ऐकलंय. मग तिने जे सांगितलं ते प्रीताने मला फोनवर जसंच्या तसं सांगितलं. मी स्वयंपाकघरात उभी होते, हातातलं लाटणं तसंच राहिलं.

तुम्ही त्या बाईला सांगितलंत की मी कणीक मळताना गाते. बेसूर गाते, पण तुम्हाला ते ऐकावंसं वाटतं. तुम्ही आत आलात की मी थांबते, म्हणून तुम्ही चपला बाहेर काढून दाराआड उभे राहता आणि गाणं संपलं की मग खाकरता. अहो, मला वाटायचं तुम्हाला खोकल्याचा त्रास आहे. ओव्याचा काढा करून देत होते मी!

तुम्ही सांगितलंत की धरणाच्या साइटवरच्या त्या क्वार्टरमध्ये विंचू निघायचे, दिवे नसायचे, तुम्ही आठ-आठ दिवस कालव्यावर असायचात, आणि मी एकदाही माहेरी जाते म्हटलं नाही. म्हटलं नव्हतं, खरंय. मनात मात्र रोज म्हणत होते. तुम्ही सांगितलंत की वरच्या साहेबांना तोंडावर ‘पाणी सोडता तर आधी आमच्या नळाला सोडा’ म्हणणारी सबंध कॉलनीत एकच बाई होती. ते ऐकून तुम्ही घरी माझ्याशी दोन दिवस बोलला नव्हतात. मला वाटलं, नोकरी धोक्यात घातली म्हणून रागावलात. पॉलीनला म्हणालात, इतका अभिमान वाटला की काय बोलावं ते सुचेना.

आणि शेवटी म्हणे असं म्हणालात, इथे येऊन इतके महिने झाले, कोणी माझ्याशी भांडलं नाही, त्यामुळे जेवण पचत नाही.

प्रीता फोनवर रडत होती. ‘आई, मी तिला सांगायलाच गेले होते गं. पण ती जे सांगत होती ते मी बाबांच्या तोंडून लाइफमध्ये कधी ऐकलं नव्हतं. मला स्टॉप करता येईना.’ तिने मग तुम्हाला विचारलं की बाबा, तुम्ही त्यांचा गैरसमज दूर का नाही केला. तुम्ही म्हणालात, ‘लोक तिच्याबद्दल विचारत होते. इतक्या वर्षांत मला तिच्याबद्दल कोणी विचारलंच नव्हतं.’ आणि म्हणालात, ‘ती तिकडे रमली आहे, नातीत रमली आहे. तिला बोलावून कशाला गुंतागुंत करायची.’

अहो, मी रमले आहे असं तुम्हाला कोणी सांगितलं? मी पार्किंगमध्ये चकरा मारतेय ते कुणाच्या लक्षात आलं नाही?

मी तेव्हापासून घरभर फिरतेय. बसते, उठते. अनिका माझ्या मागे मागे फिरते आणि विचारते, ‘आज्जी, व्हाय आर यू वॉकिंग?’ तिला काय सांगू? मला एका बाईचा मत्सर वाटतोय. ती मेलेली रत्ना फार भाग्यवान आहे. तिच्याबद्दल कोणी समुद्राच्या काठावर बसून एवढं बोलतं. जिवंत रत्नाला तुम्ही काय पाठवलंत? सन १८१४.

आणि मग मी स्वतःला विचारलं, कोणी मला तुमच्याबद्दल विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं? पार्कातल्या बाकावर मी काय सांगते? नवरा बोलत नाही, नवरा पुढे पुढे चालतो, नवऱ्याला भाजी कशी झाली हे विचारावं लागतं. परवा मावशींना मी एक वेगळी गोष्ट सांगून पाहिली. प्रीताच्या वेळी मी दवाखान्यात होते तेव्हा तुम्ही कालव्याचं पाणी सोडायचं काम टाकून, रात्रभर लाकडं नेणाऱ्या ट्रकमध्ये उभं राहून आला होतात, आणि आल्यावर फक्त ‘डबा आणलाय’ म्हणाला होतात. डब्यात नुसता भात होता. मावशी म्हणाल्या, ‘अगं, मग इथे काय करतेस?’



रत्ना


सनीव्हेल, ७ सप्टेंबर २०२५

अहो,

लॉयरकडे गेले नाही. आदल्या संध्याकाळी अक्षतला म्हटलं, अर्ज राहू दे. तो म्हणाला, ‘का पण? तू इथे हॅपी नाहीस का?’ मी म्हटलं, ‘आहे रे. तुम्ही सगळे माझे आहात. पण मला तुझ्या बाबांकडे जायचंय.’ तो म्हणाला, ‘बाबांनी बोलावलंय?’

‘नाही.’

‘मग?’

‘मग काय? न बोलावता जातेय.’

लहानपणी बक्षीस मिळालं तरी त्याला तुम्ही ‘ठीक आहे’ म्हणायचात, ते त्याला आठवलं असणार. म्हणाला, ‘आई, मी बाबांसारखा झालोय का?’ मी म्हटलं, ‘बायकोला विचार, मला नको.’ तो उठून निधीकडे गेला. काय बोलले ते मला माहीत नाही, दार लावून घेतलं होतं.

निधी दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. वाईट वाटलं, पण तिचंही बरोबर होतं. तिसऱ्या दिवशी स्वतःच येऊन म्हणाली, ‘आई, खरं सांगू? मी पॅनिक झालेय. अनिकाचं कसं होईल कळत नाहीये.’ मी तिला जवळ घेतलं. आम्ही दोघी मिळून तीन डे-केअर बघून आलो. तिसरी बरी होती. पहिल्या दिवशी अनिका माझा पदर सोडेना, बाहेर गाडीत बसून मी आणि निधी दोघी रडलो. आता जाते. काल तिथून निघताना मला टाटाही केलं नाही, ते बरंच आहे, पण टोचलं.

इंग्लंडचा व्हिसा प्रीताने मागे लागून करवला. बोटांचे ठसे द्यायला अक्षतने मला नेलं. पासपोर्ट परवा आला. चोवीस तारखेचं विमान आहे, पंचवीसला मी तुमच्याकडे. पुढच्या महिन्यात तिथूनच दोघं एकाच रांगेतून नागपूरला जाऊ.

माझी अट वगैरे काही नाही. ‘ये’ म्हणण्याची वाट बघत होते, ती आता संपली. तुम्हाला नाही जमत ते, तर नाही जमत. मला राग यायचा तो येतच राहील, त्याला मी काय करू? पण मी अर्ध्या पृथ्वीपलीकडे मानाने बसून राहिले असते आणि तुम्ही तिकडे मला गमावून बसला असतात, आणि दोघांनाही वाटलं असतं की आपण समोरच्याची इच्छा पाळली. असलं शहाणपण मला नको.

पॉलीनला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा. म्हणा चूक झाली, नाहीतर म्हणा ही तिची धाकटी बहीण आहे, मला फरक पडत नाही. तिच्या हातचा चहा मी पिणार आहे आणि कुंडीबद्दल तिचे आभारही मानणार आहे.

पण त्याआधी एक काम तुमच्याकडे आहे. पहिल्या दिवशी मला पिअर दाखवू नका, तो कोणी बांधला ते सांगू नका, खांब कसे बसवलेत तेही सांगू नका. कुठेतरी बाकावर माझ्या शेजारी बसा. माझ्याकडे बघायची गरज नाही, समुद्राकडे बघितलंत तरी चालेल. त्या लोकांना जे सगळं इंग्रजीत सांगितलंत, ते मला मराठीत सांगा. एका दमात जमणार नाही, रोज थोडं थोडं सांगा.

मी जिवंत आहे, त्यामुळे मध्ये मध्ये बोलेन. तेवढं चालवून घ्या.

तुमची
रत्ना